उक्तं घेतलेलं सॉफ्टवेअरचं काम संपतच नाही, भाव कसा काढायचा आणि पैसे कसे घ्यायचे?

केळीपट्टा_कोडर (सावदा)
राम राम मंडळी. मोठं लिहितोय, पण वाचा, मला खरंच सल्ला पाहिजे. पुण्यात चार वर्षं नोकरी केली, मागच्या वर्षी घरी परत आलो, आता फैजपूर, सावदा, रावेर ह्या पट्ट्यात कामं घेतो. दिवाळीनंतर एका केळी व्यापाऱ्याचं काम घेतलं, वडिलांच्या ओळखीतले आहेत, मी त्यांना आप्पा म्हणतो. ओट्यावर बसून चहा पिता पिता त्यांनी काम सांगितलं, शेतकऱ्याची पावती, काट्याचं वजन, गाडीचा हिशोब, आणि सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे. मी तिथल्या तिथे उक्तं, म्हणजे अख्ख्या कामाचा एकच भाव, बोलून बसलो, ८० हजार, दोन महिने. मनात ४० दिवस धरले होते. २० हजार इसार मिळाला, नंतर पावतीचा स्क्रीन दाखवला तेव्हा अजून २० मिळाले.

आता पाचवा महिना चाललाय आणि माझ्या वहीप्रमाणे ९५ दिवस काम झालंय. झालं असं की दर हप्त्याला काहीतरी नवीन निघतं. कटतीचा, म्हणजे वजनातून वजावट धरण्याचा, नियम प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा, कुणाची दांड्यासाठी किलोने, कुणाची टक्क्याने. कटाईच्या टोळीचा हिशोब वेगळा पाहिजे. दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीचं बिल हिंदीत पाहिजे. बागेत रेंज नसते म्हणून इंटरनेट नसताना पण चालायला पाहिजे. हे सगळं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, आणि आता म्हणतात अरे हे तर धरलेलंच होतं ना, त्याच्याशिवाय धंदा कसा होईल. त्यांचंही चुकत नाही. ४० हजार बाकी आहेत, ते पूर्ण झाल्यावर देणार म्हणतात, आणि पूर्ण म्हणजे काय ते कुठे लिहिलेलंच नाही.

त्यात जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलवाल्यांचा फोन आला, दोन दिवसात कोटेशन द्या म्हणतात. मला परत तीच चूक करायची नाही. विद्यापीठातली दोन पोरं मदतीला घेऊन आप्पांचं काम महिनाभरात उडवावं असं पण डोक्यात आहे. काय करू?

शिरपूरकर_डेव्ह
भाऊ, आधी हिशोब बघ म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळेल. ८० हजाराला ९५ दिवस म्हणजे दिवसाला ८४२ रुपये पडले, आणि ते पण सगळे मिळाले तर. तू ४० दिवस धरले म्हणजे २००० रोज (एका दिवसाचा दर) धरला, तो रोजच मुळात कमी होता. घरखर्च ३५ हजार धर, लॅपटॉप, नेट, इन्व्हर्टर, पेट्रोल, मेडिक्लेम ह्याचे १० हजार, झाले ४५. आता महिन्यातले किती दिवस तू खरोखर पैशाचं काम करतो? गिऱ्हाईकाकडे चकरा, कोटेशन, वसुली, जुन्या कामाच्या दुरुस्त्या आणि दोन कामांच्या मधले रिकामे दिवस काढले तर १३ दिवस पण मुश्किलीने उरतात. ४५ हजार भागिले १३, साडेतीन हजाराच्या जवळ. हा तुझा नुसता भागण्याचा रोज आहे, ह्याच्यात शिल्लक काहीच नाही. नोकरीचा पगार ३० ने भागून रोज काढतात तिथेच आपली सगळी पोरं फसतात.

आणि त्या दोन पोरांचं मनातून काढून टाक. फ्रेडरिक ब्रुक्स म्हणून आयबीएममध्ये होते, तिथल्या मोठ्या संगणकांच्या ओएस/३६० ह्या ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रचंड काम त्यांनी सांभाळलं, आणि १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते अजून उशिरा होतं. कारण साधं आहे, त्या पोरांना कटती म्हणजे काय ते तुलाच समजावायचं आहे, आणि तेवढे दिवस तुझं काम बंद. केळीच्या गाडीवर दोन माणसं वाढवली तर गाडी लवकर भरते, इथे तसं होत नाही.

भुसावळची_मी
मी दहा वर्षं कंत्राटावर कामं करते, घरूनच, म्हणून अंदाज कसा काढायचा त्याबद्दल लिहिते. एकच आकडा कधीच काढायचा नाही. काम फोडायचं, इतकं फोडायचं की एक तुकडा पाच-सहा दिवसांच्या वर जाऊ नये, आणि प्रत्येक तुकड्याला तीन आकडे लिहायचे, सगळं सुरळीत गेलं तर किती, नेहमीसारखं गेलं तर किती, आणि वाट लागली तर किती. समज पावती छापण्याचं काम आहे, ३ दिवस, ५ दिवस, १४ दिवस. मधल्याला चारने गुणायचं, तिन्ही मिळवायचे आणि सहाने भागायचं, ३ अधिक २० अधिक १४, ३७ भागिले ६, सहा दिवसांच्या जरा वर. ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी काढली होती, पर्ट म्हणतात तिला. आकड्यापेक्षा मोठा फायदा असा की वाट लागली तर काय होईल हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो.

१४ का लिहिले ते सांगते, कारण मी भोगलंय. स्वस्तातले थर्मल प्रिंटर असतात ना, त्यांच्यात देवनागरी अक्षरंच नसतात बहुतेक वेळा, सरळ मजकूर पाठवला की चौकोन नाहीतर कचरा छापून येतो, मग अख्खी पावती चित्र म्हणून बनवून पाठवावी लागते. जोडाक्षरं, रफार, सगळं बघावं लागतं. दुसरं, जुना डेटा. दहा वर्षांची शेतकऱ्यांची नावं कुठल्यातरी जुन्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केलेली असतात, ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये, आणताना काही नावं हाताने दुरुस्त करावीच लागतात. तिसरं टॅली, हिशोबाचं सॉफ्टवेअर. सीए म्हणणार की टॅलीत गेलं पाहिजे, एक्सएमएल फाईलने जातं पण लेजरचं (खात्याचं) नाव एका स्पेसने जरी वेगळं असलं तरी अडतं. ही तिन्ही कामं गिऱ्हाईकाच्या तोंडून एका ओळीत निघतात आणि आपल्याकडे पंधरा-वीस दिवस खातात.

सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणारे बॅरी बोहेम ह्यांनी १९८१ मध्ये मांडलेलं आहे की काम नुसतं कल्पनेत असतं तेव्हाचा अंदाज चौपटीपर्यंत चुकू शकतो, दोन्ही बाजूंनी. तुमचे ४० चे ९५ झाले म्हणजे तुम्ही त्या मापात बरेच बरे आहात, स्वतःला फार दोष देऊ नका. पण ओट्यावर बसून, वह्या न बघता आकडा दिला, ते मात्र चुकलं.

डाळवाला_जळगाव
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, पैसे देणारा, म्हणून माझंही ऐका. आमची छोटी मिल आहे. तीन वर्षांपूर्वी एका मुलाला स्टॉक आणि गेटपासचं सॉफ्टवेअर दिलं, अडीच लाख ठरले, दीड लाख आधी दिले. सहा महिन्यांनी त्याला हैदराबादला नोकरी लागली, फोन उचलणं बंद. डोमेन त्याच्या नावावर, सर्व्हर त्याच्या कार्डवर, कोड त्याच्या खात्यात, प्ले स्टोअरचं खातं पण त्याचं. एक दिवस सर्व्हरचं बिल थकलं आणि सगळं बंद पडलं, दोन दिवस गाड्या गेटवर उभ्या होत्या, मुनीम कागदावर लिहीत बसले. तेव्हापासून मी ॲडव्हान्सचं नाव निघालं की घाबरतो. आम्ही लोक पैसे अडकवतो ते हावरटपणाने नाही हो, आम्हाला काही कळतच नाही की किती झालं आणि किती राहिलं. तूर घेताना आम्ही नमुना बघतो, ओलावा बघतो, उतारा किती पडेल त्याचा अंदाज येतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बघायचं काय?

तर माझं सांगणं असं की डोमेन, सर्व्हर, प्ले स्टोअर सगळं पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईकाच्या नावाने आणि गिऱ्हाईकाच्या कार्डने करा. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दर वर्षी ९९, ही काय फार मोठी रक्कम नाही. आणि दर पंधरा दिवसांनी काहीतरी चालतं दाखवा, आमच्या मुनीमाच्या हातात द्या. ते चाललं तर पैसे मागायला लाजू नका.

तापीकाठ
उक्तं आणि रोजाने, हा सगळा भांडणाचा मुद्दा शेतात आपल्या बापजाद्यांनी कधीच सोडवून ठेवलाय. निंदणी रोजाने देतात कारण गवत किती आहे ते आधी सांगता येत नाही, आणि कापूस वेचणी किलोवर देतात कारण मोजता येतं. विहिरीचं खोदकाम उक्तं घेणारा पण म्हणतो की खडक लागला तर भाव वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये खडक लागतोच, आणि आपण भाव मात्र मातीचा देतो.

शिरपूरकर_डेव्ह
तापीकाठ, अगदी बरोबर, म्हणून मी तर म्हणतो की सगळं रोजानेच घ्यावं. ताशी नाहीतर दिवसाचा दर सांगायचा, महिन्याला बिल.

डाळवाला_जळगाव
रोजाने मी तरी देणार नाही, स्पष्ट सांगतो. निंदणीच्या बाईला मी बांधावरून बघू शकतो. तुम्ही घरी बसून आठ तास काम केलं का तीन तास, मला कसं कळणार? आणि हळू काम करणाऱ्याला जास्त पैसे, हा कुठला न्याय.

भुसावळची_मी
दोघांचं खरं आहे आणि म्हणूनच अख्खं काम एका पद्धतीत बसत नाही. मी आता असं करते. पहिला टप्पा फक्त बघण्याचा, त्याचे वेगळे पैसे. चार-पाच दिवस त्यांच्याकडे जाऊन बसते, जुन्या वह्या, पावत्या, बिल्ट्या (गाडीमालाच्या पावत्या), सगळ्यांचे फोटो काढते, मुनीमाला विचारते, मालकाला नाही, कारण मालकाला अपवाद माहीत नसतात, मुनीमाला असतात. त्याच्यातून एक वीस-पंचवीस पानांचा कागद तयार होतो, काय होणार, काय होणार नाही, तुकडे किती, प्रत्येकाला दिवस किती. तो कागद त्यांचा. पटलं नाही तर त्यांनी तो दुसऱ्याला दाखवून काम करून घ्यावं, माझी हरकत नाही. पहिल्यांदा मला वाटलं होतं की बघायचे पैसे कोण देईल, पण देतात. आणि जो चार दिवसांचे पैसे द्यायला कुरकुर करतो तो शेवटचे पैसे किती सुखाने देणार ते मला तिथेच कळतं.

मग बांधायचे तुकडे उक्ते, कारण आता त्यांच्यात काय आहे ते दोघांना माहीत असतं. प्रत्येक तुकडा दोन-तीन हप्त्यांचा, सुरू करताना त्या तुकड्याचे निम्मे, चालला की निम्मे, म्हणजे कुणाचेही एका वेळी फार पैसे अडकत नाहीत. मध्येच निघालेलं नवीन काम रोजाने, आणि ते व्हॉट्सॲपवर का होईना लिहून, हे तीन दिवसांचं आहे, इतके होतील, करू का, आणि त्यांचा हो आल्याशिवाय हात लावायचा नाही. सगळं झाल्यावर देखभाल, ती सालदारासारखी, वर्षाची बोली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, ठरवतात तसंच, महिन्याला किती वेळ देणार आणि कशासाठी बोलवायचं ते आधी ठरलेलं.

अमळनेरकर
हे सालदारकीचं आवडलं. आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून जी कंपनी निघाली ती पुढे विप्रो झाली हे सगळ्यांना माहीतच आहे, तर एवढ्या मोठ्या कंपन्या सुद्धा कामं ह्या दोन्ही पद्धतींनी घेतात, काही ठरलेल्या किमतीवर, काही वेळेवर. म्हणजे एकच बरोबर आणि दुसरी चूक असं नाही.

हिशोबनीस_धुळे
पैशाचं आणि कागदाचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. सगळ्यात आधी कॉपीराईट, कारण डाळवाल्या भाऊंना पण हे माहीत नसेल. कॉपीराईट कायदा १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत धरलाय. पगारी नोकराने लिहिलं तर सहसा मालकाचं. पण कंत्राटावर बाहेरच्याने लिहिलं तर पहिला मालक तो लिहिणाराच, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी. हक्क गिऱ्हाईकाकडे जायचे असतील तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरतंच. म्हणून दोन ओळी कागदात टाका, शेवटचा हप्ता मिळाला की हक्क कायमचे आणि सर्वत्र गिऱ्हाईकाचे. दोघांचा फायदा आहे, त्याला माल मिळतो आणि तुमच्या शेवटच्या हप्त्याला वजन येतं.

दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेव, फुकट आहे, ऑनलाईन होते, आणि काम घ्यायच्या आधी करून ठेव, वांधा झाल्यावर नाही. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. त्यावर गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. गिऱ्हाईकाच्या सीएला सांग, आयकरातल्या ४३बी(एच) मुळे असे थकवलेले पैसे त्या वर्षी खर्चात धरता येत नाहीत, प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरता येतात. मार्च आला की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

तिसरं, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला की पोरं घाबरतात, पैसे खाल्ले म्हणतात. तो तुझ्याच पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या कर जमेच्या उताऱ्यात (जुना २६एएस) दिसतो, रिटर्न भरताना वजा होतो. आयटीवाल्यांना आयकरातलं ४४एडीए कलम लागू होतं, जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं, ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. २०२५ च्या नव्या कायद्यात ह्या कलमांचे नंबर बदललेत, म्हणून मी आपले ओळखीचे जुनेच लिहिले. जीएसटीची नोंदणी सेवेला वर्षाच्या २० लाखांच्या वर. नोंदणी असेल तर कोटेशनवर अधिक १८ टक्के असं स्वच्छ लिही, नाहीतर गिऱ्हाईक धरतो की त्यातच आलं आणि ते तुझ्या खिशातून जातात.

जिभाऊ_साक्री
पोरा, तुले एक सांगस. कायदा बरोबर शे, पण आप्पावर व्याज लावानं काम नही. वडीलनी वळख शे. जाय, बैस, आणि वही दाखाड.

केळीपट्टा_कोडर (सावदा)
जिभाऊ, हेच मनात होतं. उद्या जातो. डाळमिलवाल्यांना आज फोन करून सांगितलं की दोन दिवसात आकडा देणार नाही, आधी चार दिवस येऊन बसतो आणि त्याचे १२ हजार होतील. फोनवर पाच सेकंद कुणीच बोललं नाही, माझ्या छातीत धडधडत होतं. मग म्हणाले विचार करून सांगतो.

पुण्यात_पाचोरेकर
नाही म्हणाले तरी चालेल रे. एक सांगायचं होतं, आप्पांसमोर जाताना सगळी वाढलेली कामं एकदम मांडू नको. आधी जे ठरलं होतं ते किती पूर्ण झालं ते दाखव, त्यांच्याच मोबाईलवर चालवून दाखव, मग बाकीचं. नाहीतर पहिल्या वाक्यापासून ते बचावाला उतरतात.

केळीपट्टा_कोडर (सावदा)
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, काम चालू होतं.

आप्पांकडे गेलो. आधी ठरलेली चार कामं त्यांच्या मोबाईलवर चालवून दाखवली, मग वही उघडली, कुठल्या तारखेला काय नवीन सांगितलं आणि त्याला किती दिवस गेले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. मग एकच विचारलं, की तू मला तेव्हाच का नाही सांगितलं की ह्याचे वेगळे होतील. मला उत्तर देता आलं नाही, कारण मी संकोचाने बोललो नव्हतो, ओळखीच्या माणसाला पैशाचं कसं बोलायचं म्हणून. ते म्हणाले मी शेतकऱ्याला रोज तोंडावर भाव सांगतो, त्याला राग येतो आणि दुसऱ्या हंगामाला तोच परत येतो. जुने ४० पैकी २५ हजार त्याच दिवशी दिले. टोळीचा हिशोब आणि हिंदी बिल ह्याचे वेगळे ३० हजार ठरले, दोन तुकड्यात. रेंज नसताना चालण्याचं काम मी माझ्या ८० मध्येच धरलं, कारण बागेत वापरायचं म्हणजे ते पाहिजेच होतं, ते मला समजायला हवं होतं. शिरपूरकर म्हणतील नुकसान केलं, पण मला तसंच बरोबर वाटलं. उरलेले १५ हजार प्रिंटर चालू झाला की. दोघांच्या सह्यांचा एक पानाचा कागद केला, त्यात पूर्ण म्हणजे काय ते सहा ओळीत लिहिलंय.

डाळमिलवाले नवव्या दिवशी हो म्हणाले. चार दिवस मुनीमाजवळ बसलो. मालकाने सांगितलेलं काम आठ स्क्रीनचं होतं, मुनीमाने बोलता बोलता एकोणीस निघाले, आणि दोन तर मालकाला पण माहीत नव्हते. भुसावळच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन-तीन आकडे लिहून बेरीज केली ती ८६ दिवस आली. ओट्यावर बसून विचारलं असतं तर मी परत ४० च म्हटलं असतं. ३५०० रोजाने मांडून ३ लाख १ हजाराचा कागद दिला, पाच तुकड्यात. त्यांनी दोन तुकडे काढून टाकले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले, बाकी तीनला होकार आहे.

डाळवाला_जळगाव
त्या एका पानाच्या कागदाचा नमुना इथे टाकशील का? माझ्याकडे आता नवीन मुलगा येणार आहे कामाला, त्याला मीच देतो पुढे करून.

केळीपट्टा_कोडर (सावदा)
रविवारी नावं काढून टाकतो. आत्ता आप्पांच्या काट्यावर निघालोय, पावती चित्र म्हणून पाठवली तर बाकी सगळं नीट छापतंय पण रफार कापला जातोय वरून. ताई, ओळीची उंची किती ठेवता तुम्ही?

भुसावळची_मी
अक्षराच्या दीडपटीच्या खाली जाऊ नका, आणि ज्या नावात रफार आणि वेलांटी एकत्र येते ते नाव आधी छापून बघा.